खुलासा: एकेएपी-१२ जनुक असणं म्हणजे कॅन्सर नव्हे
खारघर-वाशीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘रक्तात एकेएपी-१२ जनुक सापडलं तर कॅन्सर होतो, लगेच तपासणी करा’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच शरीरात असतं. त्यापासून बनणारं प्रथिन प्रोटीन कायनेज ए आणि सी या विकरांना (एन्झाइम्सना), नांगराने होडी धरावी तसं, पेशीत ठरावीक जागी धरून ठेवतं. त्यामुळे वाढीचे संदेश आटोक्यात राहतात. उलट पोटाच्या, प्रोस्टेटच्या अनेक गाठींत हेच जनुक मिथाइलीकरणामुळे, म्हणजे डीएनएवर रासायनिक खुणा चिकटल्यामुळे, गप्प झालेलं आढळलंय.

घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर बीआरसीए १ आणि २ (ज्यांच्यातल्या बिघाडाने या कॅन्सरचा धोका वाढतो ती जनुकं) यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. या मेसेजला घाबरून मात्र पैसे भरू नका. आणि कृपा करून, उपचार चालू असलेल्या कुणालाही तो पाठवू नका.