मोहन बागानच्या नावापुढची तीन अक्षरे

चाहत्यांना बदल नको असतो, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा कानावर पडले आहे की त्यावर वाद घालण्याचीही इच्छा उरत नाही. एखाद्या कंपनीने संघ विकत घ्यावा, त्याचे नाव, रंग किंवा बोधचिन्ह बदलावे, चाहत्यांनी संतापावे आणि मालकांची बाजू घेणाऱ्यांनी 'चार दिवस ओरडतील, मग सवय होईल' असे म्हणून विषय मिटवावा, हे आता ठरूनच गेले आहे. कोलकात्याच्या मोहन बागानच्या चाहत्यांनी २०२० ते २०२३ या काळात या समजुतीला जे उत्तर दिले, ते क्रिकेटच्या पलीकडे फारसे न पाहणाऱ्या आपल्या मराठी वाचकांपर्यंत नीट पोहोचलेले नाही, असे मला वाटते. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मोहन बागान हा १८८९ सालचा फुटबॉल क्लब. १९११ मध्ये त्याच्या खेळाडूंनी, त्यांतील बहुतेक अनवाणी, ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड ही स्पर्धा जिंकली, ही गोष्ट बंगालमध्ये खेळापेक्षा इतिहासाच्या तासाला अधिक सांगितली जाते. दुसरीकडे एटीके हा २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेबरोबर जन्मलेला संघ. अॅटलेटिको माद्रिद हा स्पॅनिश क्लब त्याचा भागीदार असल्यामुळे त्याचे सुरुवातीचे नाव अॅटलेटिको डी कोलकाता होते आणि जर्सीवर माद्रिदसारखेच लाल-पांढरे पट्टे होते. पहिल्याच वर्षी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केरळ ब्लास्टर्सला हरवून तो विजेता झाला, २०१६ मध्ये पुन्हा जिंकला, आणि २०१७ मध्ये माद्रिदकर बाहेर पडल्यावर नुसता 'एटीके' उरला. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले की एटीकेचा मालक असलेला आरपी-संजीव गोयंका समूह मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतील ८० टक्के हिस्सा घेणार आणि दोन्ही संघ एक होणार.

त्यानंतर मार्चमध्ये जे घडले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल बोल लावला असता. १० मार्च २०२० रोजी कल्याणीच्या मैदानावर ऐझॉलला १-० असे हरवून मोहन बागान आय-लीगचा, म्हणजे सुपर लीगहून जुन्या राष्ट्रीय स्पर्धेचा, विजेता ठरला आणि अवघ्या चार दिवसांनी गोव्यातील फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये एटीकेने चेन्नईयिनला ३-१ असे नमवून आपले तिसरे सुपर लीग विजेतेपद मिळवले. एका शहरातले दोन संघ आठवडाभरात दोन वेगवेगळ्या स्पर्धांचे विजेते झाले आणि उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा एकच संघ झाला. त्या तीन सुपर लीग विजेतेपदांचा वारसा आता कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून चाहत्यांच्या डोक्यात घोळू लागला, कारण ज्या स्पर्धेत मोहन बागान कधी खेळलाच नव्हता, तिची विजेतेपदे आपल्या इतिहासात घुसडली जाणे त्यांना अपमानास्पद वाटत होते.

जुलै २०२० मध्ये संचालक मंडळाने नाव ठरवले, एटीके मोहन बागान. हिरवा आणि मरून हे रंग तसेच राहिले, शीड उभारलेली नौकाही बोधचिन्हात राहिली. बदल एवढाच, की त्या नौकेच्या चित्रात आता 'एटीके' ही तीन अक्षरे आली. कागदावर पाहिले तर कंपनीने बरीच सबुरी दाखवली होती, हे मान्य करायला हवे. पैसा तिचा, सुपर लीगमध्ये उतरण्यासाठी दरवर्षी मोजावे लागणारे कोट्यवधी रुपये तिचे, आणि तरीही रंग व नौका तिने मोडीत काढली नाही. मग तीन अक्षरांसाठी एवढा गहजब का, असे अनेकांनी विचारले, आणि विचारणारे सगळेच दुष्ट हेतूने विचारत नव्हते.

याचे उत्तर १९९८ मध्ये सापडते. त्या वर्षी युनायटेड ब्रुअरीजने क्लबच्या फुटबॉल विभागात निम्मा हिस्सा घेतला आणि संघाचे नाव 'मॅकडॉवेल मोहन बागान' झाले. पलीकडे कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालही 'किंगफिशर ईस्ट बंगाल' झाला. मद्याच्या कंपनीचे नाव क्लबच्या नावाला चिकटलेले चाहत्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि मैदान सोडले नाही. म्हणजे कंपनीच्या नावाचे त्यांना वावडे होते असे मुळीच नाही. पुरस्कर्त्याचे नाव हे भाड्याने दिलेल्या भिंतीवरच्या जाहिरातीसारखे असते, करार संपला की भिंत पुन्हा आपली. एटीके ही जाहिरात नव्हती. तो त्याच शहरातला दुसरा संघ होता, आणि तोही अशा स्पर्धेतला, जिच्यामुळे आय-लीग देशातली पहिल्या क्रमांकाची स्पर्धा उरली नव्हती. ज्या व्यवस्थेने आपल्याला बाजूला सारले, तिच्याच संघाचे नाव आपल्या नावाच्या पुढे, आधी उच्चारले जाईल अशा जागी लावायचे, हे त्या चाहत्यांना सोसवले नाही. त्यांचा राग बदलावर नव्हता. १३० वर्षांच्या क्लबला सहा वर्षांच्या संघाने आपल्या पंखाखाली घेतले, असे त्या नावातून दिसत होते आणि राग त्यावर होता.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. क्लबचे सदस्य वेगळे आणि चाहते वेगळे. मतदान सदस्य करतात, कंपनीशी बोलणी पदाधिकारी करतात, आणि स्टेडियममध्ये येणाऱ्या माणसाकडे, मग तो तीन पिढ्यांपासून मोहन बागानचा का असेना, या व्यवहारात सही करायची कोणतीही जागा नसते. त्यामुळे चाहत्यांचा निम्मा रोष कंपनीवर नसून ज्यांनी हा सौदा केला त्या आपल्याच पदाधिकाऱ्यांवर होता. घरातल्यांनी परस्पर व्यवहार उरकला, ही ती भावना.

करोनामुळे या संतापाला मैदानच मिळाले नाही. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात, बंद दारांआड झाला. सुपर लीगमधली पहिली कोलकाता डर्बी, म्हणजे ईस्ट बंगालविरुद्धचा सामना, २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर झाली आणि एटीके मोहन बागानने ती २-० अशी जिंकली. ज्या सामन्याला कोलकात्याच्या साल्ट लेक स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, तो सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर, दोन हजार किलोमीटर लांब, आणि एका परक्या नावाखाली. त्या मोसमात संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि फातोर्ड्यावर मुंबई सिटीकडून शेवटच्या मिनिटाला हरला. चांगले खेळले की लोक विसरतात, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. संघ चांगलाच खेळत होता. प्रेक्षक परतले तेव्हा 'रिमूव्ह एटीके' लिहिलेले फलकही त्यांच्याबरोबर स्टँडमध्ये परतले.

१८ मार्च २०२३ चा सुपर लीगचा अंतिम सामना मी फातोर्ड्यावर पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत कोलकात्याहून आलेली काही मुले होती. त्यांतल्या एकाच्या जर्सीवर नौकेतली ती तीन अक्षरे दिसत नव्हती. नीट पाहिले तर त्यावर हिरव्या दोऱ्याने दाट टाके घातलेले होते, रंग जरा वेगळा होता, पण हात सफाईदार होता. विचारल्यावर तो मोडक्या हिंदीत एवढेच म्हणाला, की आईने शिवून दिले. जर्सी अधिकृत होती, म्हणजे त्याने कंपनीला पूर्ण किंमत मोजली होती आणि मग घरी नेऊन तिची दुरुस्ती केली होती. बहिष्कार घालून घरी बसणाऱ्यापेक्षा अशा चाहत्याला समजून घेणे कंपन्यांना जास्त अवघड जाते, कारण विक्रीच्या आकड्यांत तो समाधानी ग्राहक म्हणूनच मोजला जातो.

बंगळुरूविरुद्धचा तो सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर ४-३ असा मोहन बागानने जिंकला. त्यानंतर थोड्याच वेळात संजीव गोयंका यांनी मैदानावरूनच जाहीर केले की एटीके हे नाव आता जाणार आणि संघ मोहन बागान सुपर जायंट्स म्हणून ओळखला जाईल (पुढे त्यातला शेवटचा 'स' गळला). ही बातमी आमच्यापर्यंत मोबाईलवरून आली. पुढच्या रांगेतली मुले विजयाच्या वेळी नाचली होती त्याहून या बातमीला जास्त नाचली. चषक जिंकल्याच्या क्षणी मालकाला आधी हे सांगावेसे वाटले, यातच त्या तीन वर्षांच्या दबावाची पावती आहे.

'सवय होईल' हा सिद्धांत केवळ इथेच फसला असे नाही. वेल्समधील कार्डिफ सिटीच्या मालकांनी २०१२ मध्ये संघाचा निळा रंग काढून लाल आणला आणि बोधचिन्हातल्या निळ्या पक्ष्याच्या डोक्यावर लाल ड्रॅगन बसवला. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. चाहत्यांना गप्प करायला याहून मोठे बक्षीस कोणते असणार? तरीही जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला. आणि योगायोग असा, की एटीकेला ज्या क्लबने आपले नाव दिले, त्या अॅटलेटिको माद्रिदनेही २०१७ मध्ये आपले बोधचिन्ह बदलले होते. सहा वर्षे झाली, नव्या चिन्हाखाली विजेतेपदही मिळाले, पण २०२३ मध्ये सदस्यांचा कौल घेतला तेव्हा मत देणाऱ्यांपैकी जवळपास ८९ टक्क्यांनी जुने चिन्ह मागितले आणि २०२४ पासून ते परत आले. सहा वर्षांत ज्याची सवय होत नाही, त्याला 'सवयीचा प्रश्न' म्हणणे हा आळस आहे.

आता आपल्या पुण्याकडे येतो, कारण हाच मालक आणि हेच 'सुपरजायंट' पुणेकरांनीही पाहिले आहे. २०१६ मध्ये आयपीएलमध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला, २०१७ मध्ये तो रायझिंग पुणे सुपरजायंट झाला, कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे गेले, हैदराबादच्या अंतिम सामन्यात संघ मुंबईकडून एका धावेने हरला आणि संपला. चेन्नई आणि राजस्थान निलंबित असल्याने तो मुळात दोन वर्षांपुरताच होता. त्याच्या नावातला 'स' गेला तेव्हा लक्ष्मी रोडवर कोणी फलक लावला नाही आणि संघ गेला तेव्हाही कोणाचे जेवण अडले नाही. कंपनी तीच, पद्धत तीच, मग कोलकात्यातच वणवा का पेटला? पुण्याच्या त्या संघात लोकांचे काही गुंतलेच नव्हते. मला वाटते, कंपन्यांची फसगत नेमकी इथे होते. रिकाम्या जागेवर नवी पाटी लावण्याचा अनुभव गाठीशी असतो आणि तोच अनुभव भरल्या घराला लावला जातो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, कारण तिची दखल कोणी घेत नाही. एटीकेचेही चाहते होते. थोडे असतील, नवखे असतील, पण सहा हंगाम आणि तीन विजेतेपदे त्यांनी लाल-पांढऱ्या रंगात पाहिली होती. त्यांचा संघ आधी अर्धा नाहीसा झाला आणि २०२३ मध्ये पूर्ण. मोहन बागानच्या विजयोत्सवात त्यांची आठवण काढायला कोणाला सवड नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांच्याविषयी कोरडी सहानुभूतीच वाटते. पण वाटते.

नामांतरानंतर कंपनी शहाणी झाली की नुसती चतुर झाली, हे मला ठरवता आलेले नाही. २० मे २०२३ रोजी त्याच समूहाचा लखनऊ सुपर जायंट्स हा आयपीएल संघ ईडन गार्डन्सवर कोलकाता नाईट रायडर्सविरुद्ध हिरव्या-मरून जर्सीत उतरला आणि एका धावेने जिंकला. मोहन बागानला मानवंदना म्हणून ते केले गेले. मानवंदना होतीच, आणि यजमानांच्या स्टँडमधली निम्मी टाळी आपल्याकडे वळवण्याची युक्तीही होती. तीन वर्षांपूर्वी ज्या रंगांमागची ताकद कंपनीला नीट उमगली नव्हती, ती आता क्रिकेटसाठी वापरण्याइतकी उमगली होती. 'सुपर जायंट' हे शेपूट मात्र राहिलेच आहे. ते चाहत्यांनी चालवून घेतले, कारण ते मागे आहे आणि कोणत्याही दुसऱ्या क्लबचे नाव नाही. मॅकडॉवेलच्या काळातला हिशेबच त्यांनी पुन्हा लावला.

माझे म्हणणे मालकांनी काहीच बदलू नये असे नाही. तिकीटविक्री, प्रशिक्षक, सरावाची मैदाने, खेळाडूंची खरेदी, यांत त्यांनी हवे ते करावे. त्यासाठीच त्यांनी पैसे ओतले आहेत, आणि मोहन बागानने त्यानंतर सुपर लीगची शिल्ड (साखळी फेरीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) व चषक जिंकले ते त्या पैशाविना घडले नसते. पण नाव, रंग आणि बोधचिन्ह या तीन गोष्टींसाठी वेगळा नियम हवा. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने बोधचिन्ह आणि घरच्या मैदानावरच्या जर्सीचे रंग यांत मोठा बदल करण्याआधी चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा आवश्यक केला आहे. आपल्याकडे सुपर लीगचे व्यावसायिक हक्क देणारा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आणि व्यवस्था नव्याने लावण्याची वेळ आली. क्लबना परवाना देण्याच्या अटींत वर्गणीदार तिकीटधारकांचा कौल घेण्याची एक अट घालायला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला एक पैसाही खर्च येणार नाही. गोव्यातले, केरळातले, मुंबईतले चाहते यावर एकत्र बोलले तर हे अशक्य नाही. ज्यांना यात रस असेल त्यांनी खाली लिहावे, महासंघाला पाठवायच्या पत्राचा मसुदा आपण मिळून करू.