चेक वटवला म्हणून हक्क संपत नाही

आयर्लंडमध्ये ज्यांचा ट्रॅकर व्याजदर बँकेने काढून घेतला, त्या गृहकर्जदारांना सर्रास ऐकवलं जातं: ‘हप्त्यातला फरक मिळाला, भरपाईचा चेक वटवला, आता विषय मिटला. करारात ट्रॅकरचा आकडा नसेल तर हक्कच नाही. शिवाय मुदतही उलटली.’

ट्रॅकर म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर अधिक ठरलेलं मार्जिन. आपल्याकडच्या रेपोशी जोडलेल्या कर्जाच्या जातीचंच हे. या प्रकाराची चौकशी करून आयर्लंडच्या केंद्रीय बँकेने 2019च्या अहवालात 40,100 बाधित खाती मोजली. त्यांत 99 राहती घरं गेली होती.

‘फरक मिळाला’ म्हणजे नेमकं काय मिळालं? समजा, कर्ज अडीच लाख युरो, 20 वर्षं बाकी. 1 टक्क्याने हप्ता साधारण 1,150, 4 टक्क्यांनी 1,515. फरक 365. पण महागड्या हप्त्यातून पहिल्या महिन्यात मुद्दल फिटतं 682, स्वस्त हप्त्यातून 941. म्हणजे 365 परत आले तरी मुद्दलातले जवळपास 260 बँकेकडेच राहिले. त्यामुळे शिल्लक मुद्दल दुरुस्त झालंय का, हे स्टेटमेंटवर आधी बघा. भरपाई ही त्यावर वेगळी.

चेकचं म्हणाल, तर केंद्रीय बँकेच्या चौकशीत रक्कम स्वीकारूनही अपील करायची मुभा मुद्दाम ठेवली होती. घात होतो तो नंतरच्या सहीने. कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

करारात आकडा नसल्याची सबब एआयबी या आयरिश बँकेने वापरून पाहिली. ‘तेव्हाचा प्रचलित ट्रॅकर दर’ एवढंच कलम होतं. तो दर महागच पडला असता, म्हणून नुकसान नाही, असं म्हणत बँकेने 1,615 युरोंवर बोळवण केली. 2020 मध्ये बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाने मुद्दलाच्या 12 टक्के सूट द्यायला लावली आणि बँकेला ती सुमारे 5,900 ग्राहकांना लागू करावी लागली. तरीही कलमच नसेल तर तक्रार फेटाळली जाते, हेही खरं. म्हणून ऑफर लेटरमधल्या विशेष अटी आणि फिक्स्ड दर घेताना सही केलेला फॉर्म, हे दोन कागद हवेतच. हरवले असतील तर डेटा संरक्षण कायद्याखाली बँकेकडे मागा. उत्तराला एक महिना.

मुदतीबाबत अर्धंच सांगितलं जातं. लोकपालाकडे तक्रार करायचा साधारण नियम घटनेपासून सहा वर्षांचा, पण गृहकर्जासारख्या दीर्घ मुदतीच्या सेवेला ‘कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून तीन वर्षं’ हाही पर्याय आहे. ‘कळायला हवं होतं’ या शब्दांवर बँक भांडणार, म्हणून तुम्हाला कधी कळलं ते दाखवणारं पत्र जपून ठेवा.

आधी बँकेकडे लेखी तक्रार, 40 कामकाजाचे दिवस वाट, मग तिचं अंतिम उत्तर घेऊन वित्तीय सेवा व पेन्शन लोकपालाकडे. तिथे फी नाही. निर्णय बँकेवर बंधनकारक असतो. पटला नाही तर उच्च न्यायालयात जायला दोन्ही बाजूंना 35 दिवस मिळतात.