गाळ राहू द्या, आधी नियमावली लिहा

गावातली पंधरा-वीस पोरं रविवारी टिकाव-घमेली घेऊन गाळ काढायला तळ्यात उतरतात, आषाढीला वेळापूरच्या रस्त्यावर वारकऱ्यांना चहा-पाणी देतात, आणि त्यांच्याकडे साधी एक फाईल नाही. सोलापूर जिल्ह्यात असले प्रकार अजून चालतात. हा उत्साह तुमच्या गावातही दिसत असेल, तर तो तीन वर्षांत जिरवता येतो.

सुरुवात नोंदणीने करा. काम वर्षातून एखाद्या उत्सवापुरतं असेल, तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ (क) खालची तात्पुरती परवानगी पुरते आणि तिचा अर्ज ऑनलाइन करता येतो, हे कुणाला कळू देऊ नका. कायमची संस्थाच काढा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. सात जण निवडताना गावात राहणारे टाळा. दोघं चाकणला कंपनीत, एक हंगामभर साखर कारखान्यावर, एक पुण्यात अभ्यासिकेत. म्हणजे सहीसाठी दिवाळीची वाट पाहता येते.

नियमावली मात्र मन लावून लिहा, कारण पुढचा सगळा त्रास इथेच पेरायचा असतो. शेजारच्या संस्थेची उतरवून घेतली तर उत्तमच. त्यांचा त्रास आयता मिळतो. कार्यकारिणीची मुदत पाच वर्षं ठेवली, तर नवी कार्यकारिणी धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज सहसा पाच वर्षांतून एकदाच भरावा लागतो. म्हणून मुदत एक वर्षाची ठेवा. लोकशाही उठून दिसते. मग दर साली सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, जाणाऱ्यांचे राजीनामे, येणाऱ्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, आणि हे सगळं बदल झाल्यापासून ९० दिवसांत. एक्याण्णवावा दिवस उजाडला की विलंबमाफीचा अर्ज वेगळा. धर्मादाय कार्यालय सोलापुरात, करमाळ्याहून शंभर किलोमीटरच्या वर. सचिवाची एका दिवसाची मजुरी बुडते, झेरॉक्सवाल्याची होते.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश लिहा. ‘गणपूर्ती नसल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही’ हे वाक्य चुकूनही घालू नका. त्या एका ओळीवर कित्येक मंडळं अजून तगून आहेत. सभा ज्वारीच्या काढणीत बोलवा. नोटीस रजिस्टर पोस्टानेच जावी असं लिहा, व्हॉट्सॲपचा उल्लेख नको. पोस्टाने ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली आहे. पण नियमावलीतला शब्द बदलायचा तर सभा हवी, आणि तिची नोटीस जायची रजिस्टर पोस्टाने.

बँकेत ‘तिघांपैकी कोणतेही दोन’ असं लिहून दिलं तर व्यवहार अडत नाहीत. ‘तिघांनी मिळून’ लिहा. खजिनदार बदलला की बँक मंजूर बदल अर्ज किंवा परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, नवा उतारा मागते. तोवर चाकणवाल्याच्या सहीवाचून डिझेलचे पैसे निघत नाहीत. जेसीबीचं भाडं तासावर असतं, ते काही थांबत नाही. सचिव खिशातून देतो, गडबडीत पावती राहते, आणि ३१ मार्चनंतर हिशेब तपासणीत तीच रक्कम त्याच्याकडे डोळे वटारून बघते. दर महिन्याला एका ठरावीक संध्याकाळी पावत्या चिकटवल्या असत्या तर हे टळलं असतं, पण मग मार्चअखेरीची मजा गेली.

आता देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, जिला सगळे ८०-जी म्हणतात. ते घ्याच, शहरातल्या संस्थांकडे असतं. गावात देणगी येते १०१ आणि ५०१ रुपयांची, किंवा मालदांडी ज्वारीच्या एका पोत्याची. पोत्याला ही सवलत नाही. दोन हजारांवरच्या रोख रकमेलाही नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या दात्याला तर कितीही दिलं तरी नाही. तरीही सवलतीची पावती द्यायची तर देणगीदाराचा पॅन, आधार किंवा तसा ओळखीचा क्रमांक घ्यायचा आणि ३१ मेपर्यंत विवरण भरायचं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. पाचशे एक देणाऱ्या आजींकडे पॅन कार्ड मागायला सचिवालाच पाठवा. पुढच्या वर्षी आजी दार उघडणार नाहीत, तेवढंच एक नाव यादीतून कमी.

गाळाचा हिशेब तीन जागी द्या: पंचायतीला कागदावर, तालुक्याला एक्सेलमध्ये, मदत देणाऱ्या कंपनीला जिओटॅग फोटोंसह. ट्रॉलीवाला ब्रासमध्ये बोलतो, फॉर्म घनमीटर मागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर तिन्ही जागी एकच बेरीज येईल, म्हणून लिहू नका. ‘आधी’चा फोटो तर काढूच नका, काम संपल्यावर आधीचा फोटो काढता येत नाही, आणि नेमका तोच मागतात.

चार गावच्या मंडळांनी मिळून महिन्यातून एक दिवस एक हिशेबनीस बोलावला, तर चारही सचिव मोकळे होतील. तेव्हा शेजारच्या गावाशी पाण्यावरून जुनं भांडण असेल तर ते जपा.

राहिला पदभार. कागद पोत्यात बांधून द्या, यादी करू नका. संस्थेच्या नावाने वेगळं सिम आणि ईमेल काढायला फार खर्च येत नाही, पण सगळ्या पोर्टलांवर पहिल्या सचिवाचाच मोबाईल क्रमांक ठेवा. त्याने पुण्याला गेल्यावर सिम बदललंय. जुना नंबर आता सांगोल्यातल्या एका डाळिंबवाल्याकडे आहे, आणि दर सप्टेंबरच्या अखेरीस, हिशेब तपासणीचा अहवाल पोर्टलवर भरताना, त्याला ओटीपी येतात. भला माणूस आहे, फोन केला तर सांगतो. फक्त तेव्हा तो बागेत असतो आणि बागेत रेंज नसते.