विषय: चवथीच्या पैशांबाबत

पणजीतल्या एका सरकारी कार्यालयात मी अधीक्षक आहे. कुठल्या ते सांगणार नाही. हवे असल्यास दहा रुपये शुल्क भरून लेखी विचारा. अधीक्षकपणाबरोबर माझ्या गळ्यात 'जन माहिती अधिकारी' हे आणखी एक लोढणे बांधलेले आहे. त्याचा वेगळा पगार नाही, दंड मात्र वेगळा आहे. माहिती वेळेत दिली नाही तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, आणि तेही स्वतःच्या खिशातून. त्यामुळे 2005 चा तो माहिती अधिकार कायदा मला रामरक्षेइतका पाठ आहे आणि म्हणतोही मी तो त्याच कारणासाठी.

माहिती न देता उत्तर देणे ही विद्या आहे. कोणी 'रस्ता का झाला नाही' असे विचारले, तर 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही असे कळवायचे. कायदा कागदावर असेल ते द्यायला सांगतो, कारणे शोधून द्यायला नाही. 'रस्ता कधी होणार' असे विचारले, तर भविष्यकाळाची फाइल आमच्याकडे उघडलेली नसते. विषय दुसऱ्या खात्याचा निघाला तर देवच पावला; कलम 6(3) लावून पाच दिवसांच्या आत अर्ज तिकडे रवाना. मग संध्याकाळी कदंबाची, म्हणजे आमच्या सरकारी बसची, फोंड्याची शटल पकडायची आणि खिडकीशी डोळे मिटायचे. घरी कोणी अर्ज करत नाही, या एका भरवशावर माझी नोकरी चालली होती.

आमची बाय आठवीत आहे. यंदा 18 जूनला, क्रांतिदिनाला, शाळेत तिचे भाषण होते. डॉ. राममनोहर लोहिया 1946 साली गोव्यात आले ते खरे तर असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राच्या घरी विश्रांती घ्यायला. (गोव्यात विश्रांतीला आलेला पाहुणा भाषण करून अटक होतो, हे त्यानंतर फारसे घडलेले नाही.) 18 जूनला मडगावला त्यांनी घेतलेल्या सभेत मागणी काय होती, तर नागरी स्वातंत्र्याची. बोलू द्या, सभा घेऊ द्या, छापू द्या. बायच्या भाषणात मसाला भरला तो माझ्या आईने. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात साधी लग्नपत्रिका छापायची तरी सरकारची परवानगी लागायची, हे तिने नातीला सोप्यावर बसवून असे काही सांगितले, की त्या रात्री बाय मला विचारू लागली, "बाबा, मला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं तर तुमची परवानगी लागते, म्हणजे तेच ना?"

तेच नाही, असे मी समजावले. समजावतो आम्ही. आम्ही आधुनिक पालक. मुलांना नुसते 'नाही' म्हणायचे नाही, कारण द्यायचे, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलायचे, असे बरेच काही माझ्या बायकोने मोबाइलवर वाचलेले आहे. डोळ्यांच्या पातळीवर बसलो की माझा गुडघा धरतो, ही बाब तिथे कोणी नोंदवलेली नाही. आमच्या बाबांनी मला कधी कारण दिले नाही. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला की सुनावणी संपली. मी मात्र कारणे देत गेलो आणि पोरीला कागदाची चटक लागली.

रविवारी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजून गेला, पोये (पाव) आणि चहा टेबलावर आला आणि बशीखाली घडी घातलेला फुलस्केप सापडला. 'प्रति, जन माहिती अधिकारी, आमचे घर, फोंडा. विषय: चवथीच्या पैशांबाबत.' खाली मजकूर: अर्जदाराच्या जन्मापासून आजतागायत दर चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी काका, आते, मामा आदींनी अर्जदाराच्या हातात दिलेली आणि 'दे इकडे, हरवशील, मी जपून ठेवते' असे सांगून आईने ताब्यात घेतलेली एकूण रक्कम किती, ती सध्या कुठे आहे आणि अर्जदाराला का मिळाली नाही.

शुल्काच्या जागी लिहिले होते, 'अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असल्याने माफ.' पुरावा म्हणून रिकामी पर्स जोडली होती.

मी पेन काढले. 'का' हा प्रश्न व्याख्येत बसत नाही, असा शेरा मारून अर्ज परत केला. एखादा नवखा अर्जदार इथे गारद होतो. बायने चहा संपायच्या आत सुधारित अर्ज दिला. 'का' गाळले होते आणि त्याऐवजी 'जमाखर्चाच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती' मागितल्या होत्या. हे तिला शिकवले कोणी? मीच, जेवताना, ऑफिसातल्या गमती सांगून.

"तू लहान आहेस अजून," मी म्हटले.

"कायद्यात 'नागरिक' लिहिलंय, वय नाही लिहिलेलं. 2012 मध्ये लखनौच्या शाळेतल्या मुलीने विचारलं होतं, गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली. सरकारला सांगावं लागलं की तसा कागदच नाही."

यावर मी हुकमी पत्ता टाकला, कलम 6(3). मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नसून स्वयंपाकघराशी संबंधित आहे, सबब अर्ज तिकडे वर्ग करण्यात येत आहे. स्वयंपाकघराने कागद तेलकट हाताने घेतला, वाचला आणि तिसऱ्यांच्या सुक्याखाली गॅस बारीक करत म्हटले, "बघू."

या एका शब्दापुढे मी हात टेकले. आम्ही 'प्रकरण सक्षम अधिकाऱ्याच्या विचाराधीन आहे' असे लिहितो त्याला अर्धी ओळ, दोन सह्या आणि जावक क्रमांक लागतो. लोकांना वाटते सरकार ही वर कुठेतरी बसलेली वेगळी जमात आहे. छे! 'तुझ्या भल्यासाठीच आहे', 'तुला काय करायचंय', 'योग्य वेळी कळेल', 'सगळ्यांनाच असंच आहे' हे सगळे आम्ही घरून शिकून जातो आणि ऑफिसात फक्त टाइप करतो. माणूस बापाला प्रश्न विचारायची सवय सातव्या वर्षी सोडतो. मग चाळिसाव्या वर्षी मामलेदारापुढे उभा राहिल्यावर त्याला ती कुठून सुचणार?

हे वाक्य मला इतके आवडले, की बाय पुढचा मुद्दा मांडत असल्याचे ध्यानातच आले नाही. तिचा आवाज चढला तेव्हा मी सवयीने म्हणालो, "हे घर माझं आहे, इथे माझे नियम चालतील."

चूक घर निवडले होते. म्हणजे चूक राज्य. महाराष्ट्रातला बाप निदान 'एक कवडी ठेवणार नाही' अशी गर्जना करू शकतो; स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र कोणाच्याही नावे करता येते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून ती सोय नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकतीत नवराबायकोचा अर्धा-अर्धा वाटा. माझ्या अर्ध्यातला पुन्हा अर्धा मुलांसाठी राखीव आणि कायद्यात मोजलेली गंभीर कारणे असल्याशिवाय तो तोडता येत नाही. बायने अर्जाच्या पाठीवर गणित करून दाखवले. मनाप्रमाणे कोणाला देऊन टाकावे असे माझ्या हाती पाव घर उरते. न्हाणी, मागचा जिना आणि एखादा माड. तिथे माझे नियम चालतात. सालाझारची माणसे 1961 साली गेली, पण जाताना प्रत्येक बापाची गर्जना सामानात घालून घेऊन गेली.

स्वयंपाकघराकडून लेखी काही येईना, तेव्हा तीस दिवस न थांबता बायने प्रथम अपील केले. कायद्याने अपील अधिकारी जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा दर्जाने वरचा लागतो. आमच्या घरात ते पद माझ्या आईकडे जाते, यावर दुमत नव्हते. सुनावणी दुपारी, सोप्यावर, सुपारी कातरता कातरता.

मी माझ्या परीने लढलो. विश्वासाच्या नात्यातून ठेवलेली माहिती उघड करता येत नाही, असे कलम 8 सांगते. पण ज्याचे पैसे विश्वासाने ठेवले तोच विचारतोय म्हटल्यावर ते कलम माझ्याकडे बघेना. "गोव्यानं हा कायदा दिल्लीच्या आठ वर्षं आधी केला, 1997 साली," बायने आजीला सांगितले. आजीला दिल्लीच्या आधी केलेली कुठलीही गोष्ट आवडते.

"सूनबाई, दाखव गो हिशोब," आदेश झाला. "एवढ्याशा पोरीला कागद लिहावा लागतो म्हणजे काय! आम्ही लग्नपत्रिकेला परवानगी मागायचे दिवस बघितले म्हणून तुम्ही पण बघायला लावणार?"

आणि बायको आत जाऊन चक्क वही घेऊन आली. जाड, लाल पुठ्ठ्याची, वर्षावार. माझ्या कार्यालयात असा अभिलेख असता तर मी निवृत्तीपर्यंत सुखाने झोपलो असतो. जमेची बाजू चोख होती, कोणत्या काकाने किती आणि कोणी नुसताच गालाला हात लावला, तेही. खर्चाच्या बाजूला दातांची तार, सहल, सायकल. मग उसनवारीचे पान सुरू झाले. 'यांना, स्कूटरचा टायर, येणे.' जन माहिती अधिकाऱ्याचे नाव अभिलेखात निघाले की तो पान लवकर उलटतो, तसे मी उलटले. पुढच्या पानावर होते: 'आईंना, म्हार्दोळची जत्रा, 500, येणे.' त्याखाली: 'आईंना, भजनी मंडळाची सहल, येणे.' त्याखाली आणखी.

अपील अधिकाऱ्यांनी अडकित्ता मिटला. "वही मोठी आहे," त्या म्हणाल्या, "सावकाश वाचू. अपील निकाली."

बायने शांतपणे प्रत्येक पानाचा फोटो काढला. दुसरे अपील नव्वद दिवसांत करता येते आणि त्याच्या आत चवथ येते, थोरली आते मूळ घरी येते, हे तिने मोजून ठेवले आहे. आतेपुढे आमच्या आईचेही काही चालत नाही.

तोवर नवा अर्ज आला आहे. रविवारी मैत्रिणींबरोबर मिरामारच्या किनाऱ्यावर जाण्याच्या परवानगीची फाइल कोणत्या टेबलावर आहे, ही माहिती हवी आहे. वर लाल शाईत अधोरेखित: 'प्रकरण व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी निगडित असल्याने 48 तासांत उत्तर अपेक्षित.' तरतूद खरी आहे. पोचपावतीवर वेळसुद्धा घालून घेतली आहे, सकाळी नऊ दहा. मी अर्ज घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे. आत मिक्सर चालू आहे आणि तो थांबल्यावर कोणता शब्द येणार, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. बाय माझ्या मागे दंडाचा हिशोब करते आहे, दिवसाला 250 प्रमाणे.