बोंबलाला बदक कोणी केलं?

फॅमिली ग्रुपवर मामांनी काल परत तोच फॉरवर्ड टाकला. काय तर म्हणे सुके बोंबील डाकगाडीने कलकत्त्याला जायचे, डबाभर वास सुटायचा, मग गोरे साहेब नाक दाबून म्हणायचे 'बॉम्बे डाक' आली, आणि त्याचंच झालं बोंबलाचं इंग्रजी नाव, 'बॉम्बे डक'. खाली अंगठ्यांची रांग. गोष्ट झकास आहे हो, पण गाडीच लेट आहे! बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी १८५३ ला, कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले १८७० ला, आणि 'बॉम्बे डक' नावाचा मासा १८२९ च्या इंग्रजी पुस्तकात छापून मोकळा. त्याच्याही आधी, १८०३ मध्ये एल्फिन्स्टन (हो, तेच कॉलेजवाले, पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले) मुंबईकडच्या फौजेला 'डक्स' म्हणतोय. 'हॉब्सन-जॉब्सन' या जुन्या डिक्शनरीचं म्हणणं, ते टोपणनाव या माशावरूनच पडलं असावं. आणि डाकला गोरे म्हणायचे 'डॉक', स्पेलिंगसुद्धा तसंच करायचे, मग डक आला कुठून?

मला राग वेगळाच आहे. या गोष्टीत सगळं क्रेडिट जातं साहेबाच्या नाकाला, आणि आपला शब्द बाहेर फलाटावर उभा. १६७३ मध्ये फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे आला, त्याने लिहून ठेवलंय की माझगाव हे मोठं कोळीवाड्याचं गाव, तिथला 'बम्बेलो' मासा प्रसिद्ध, गरिबाचं पोट त्यावर चालतं. बम्बेलो! मोठ्याने म्हणून बघा, आपला बोंबीलच की, फक्त साहेबाच्या तोंडात घसरलेला. त्याचं 'बॉम्बे' व्हायला कितीसा वेळ लागणार, गाव पण तेच.

राहिलं बदक. माझ्या मते ती निव्वळ टिंगल. इंग्रजांना ही खोडच, टोस्टवर चीज घालतात आणि त्याला म्हणतात 'वेल्श रॅबिट', ससा औषधालाही नाही. इथे मासा असा लिबलिबीत की तळायच्या आधी पाट्याखाली दाबून पाणी काढावं लागतं, वाळवायला जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने काठीवर टांगायचा, गरिबाचं खाणं, त्याला म्हणे बदक.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामांनी ब्लू टिक दिली. मामींचा रिप्लाय आला, "सुके आणशील तर डोकी काढून आण."