प्रोसेसरला वारा, घरच्यांना वाफारा

मे महिना, मुंबई, दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आणि गेम चालू केला की तुमचा पीसी ९५ डिग्री दाखवतोय? अजिबात घाबरायचं नाही. फक्त आधी ठरवून टाका की परफॉर्मन्स एक टक्काही कमी झालेला चालणार नाही, कारण तुम्ही त्याच्यावर जे करता, म्हणजे एक एक्सेल शीट, यूट्यूब आणि रविवारी दोन तास गेम, त्याला प्रोसेसरमध्ये सोळा कोर, म्हणजे एकाच वेळी राबणारे सोळा मेंदू, तर लागणारच ना.

कॅबिनेट घेताना समोरून पूर्ण काचेचाच घ्या, जाळीवाला नको, जाळीतून लाईटी नीट दिसत नाहीत. हवा आत कुठून जाणार हे लॅमिंग्टन रोडच्या कंप्युटर बाजारात विचारू नका, दुकानदार लगेच ओळखतो की गिऱ्हाईक नवीन आहे. आरजीबी, म्हणजे रंगीत लाईटवाले, फॅन सहा लावा, सहाच्या सहा हवा बाहेर फेकणारे लागले तरी काय बिघडतं, उजेड दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो. मग तो सगळा संसार कंप्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात सरकवा, मागे फळी असलेल्या, भिंतीला चिकटून.

धुळीला हात लावू नका. समोर टॉवरचं काम चालू, घरात ओटा आणि पीसी एकाच खोलीत, त्यामुळे फोडणीचा तेलकट धूर आणि सिमेंटची धूळ मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांवर जे मस्त कांबळं तयार होतं ते महागड्या फॅनलाही फोडता येत नाही. दसऱ्याला पीसीला हार घालता, कुंकू लावता ना, तेवढं बास, पूजा बाहेरूनच करायची असते.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट मटाराएवढी पुरते म्हणतात, आपण काय कंजूष आहोत का, श्रीखंडासारखी वाढा. आणि कूलरच्या बुडाला पातळ प्लास्टिक असतं, त्यावर काढा म्हणून लिहिलेलंही असतं, पण नव्या सोफ्याचं प्लास्टिक आपण कधी काढलंय? मी आठ महिने ठेवलं होतं. कूलर अजून नवाकोरा आहे.

त्यानेही भागलं नाही तर वॉटर कूलिंग घ्या. आपल्या नळाला पाणी सकाळी दोन तास, प्रोसेसरला चोवीस तास. आता रेडिएटरवरून, म्हणजे ज्या जाळीत ते पाणी थंड होतं तिच्यावरून, जाणारी हवा शेवटी खोलीतलीच असते, खोली ३४ डिग्री असेल तर त्याच्या खाली पाणी काय उतरत नाही, पण हे दुकानात कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवणं. फुकट असतं, म्हणजे त्यात काही दम नसणार. कोणीतरी सांगेल की वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने जाते, त्याच क्लॉकला, म्हणजे त्याच वेगाला, व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर प्रोसेसर साधारण १९ टक्के कमी वीज खातो, थोडं थोडं उतरवत प्रत्येक वेळी टेस्ट लावून बघायचं, बस. कोणी म्हणेल एएमडीचा सोळा कोरवाला प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स मुळातच फुल लोडला ९५ डिग्रीवर चालायला बनवलाय, २३० वॅटपर्यंत खातो, बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, कमी वीज खाणारा इको मोड लावला तर बराच थंड होतो आणि गेममध्ये फरक जाणवतही नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने खराब व्हायला लागले आणि कंपनीला नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, काढायला लागला, हेही ऐकवतील. ऐकून घ्या, मान डोलवा, बायोस उघडू नका, तिथे सगळं निळं-काळं असतं.

तापमानाची लिमिट गाठली की प्रोसेसर स्वतःच क्लॉक पाडतो. म्हणजे सोळा कोरचे पैसे भरून उन्हात रमतगमत चालणारा मिळतो. इथे शेवटचा उपाय, साईड पॅनल काढून टाका आणि घरातला एकमेव टेबल फॅन कॅबिनेटकडे वळवा. आई पदराने वारा घेत कुरकुरायला लागेल, तर तिला समजावून सांगा, अगं, वारा नाही मिळाला तर तू स्लो होत नाहीस, हा होतो.