काल एका माणसाला झुंडीने मारलं

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं ऑफिस होतं. लिंचिंगची, म्हणजे झुंडीने कुणाला ठार मारल्याची, बातमी आली की १९३६ पासून त्या ऑफिसच्या खिडकीबाहेर काळा झेंडा लागायचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य: 'काल एका माणसाला झुंडीने मारलं.' १९३८ मध्ये जागामालकाने भाडेकरार मोडायची धमकी दिली, तेव्हा तो लावणं बंद करावं लागलं.

'मोर्चे, गाणी, पोस्टरं यांनी काय होतं, कायदा करा कायदा' असं कुणी म्हणालं की मला हा झेंडा आठवतो. मी वकिली करते, कायद्याचं मोल मला कळतं. पण अमेरिकेत लिंचिंगविरोधी कायदा व्हायला किती काळ लागला ते बघा. लिंचिंगविरोधी पहिलं विधेयक जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी १९०० मध्ये मांडलं. तेव्हाच्या अमेरिकी काँग्रेसमधले ते एकमेव कृष्णवर्णीय सदस्य. त्या विधेयकावर मतदानसुद्धा झालं नाही. १९२२ मध्ये डायर विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं, तर सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दक्षिणेकडच्या सदस्यांनी ते अडवून धरलं. असे जवळपास २०० प्रयत्न फसले. कायदा झाला २९ मार्च २०२२ ला. एकशे बावीस वर्षांनी!

एवढी वर्षं हा विषय विझू दिला नाही तो संसदेबाहेरच्या माणसांनी.

त्यात माझ्यासाठी पहिलं नाव आयडा बी. वेल्स यांचं. १८९२ मध्ये मेम्फिसला त्यांचे मित्र थॉमस मॉस आणि आणखी दोघांना झुंडीने मारलं. त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि जवळच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. आयडाबाईंनी आपल्या वर्तमानपत्रात यावर सडकून लिहिलं. त्या बाहेरगावी असताना जमावाने छापखाना फोडला, आणि परत आलात तर जीव जाईल अशा धमक्या आल्या. तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आकडे जमवले, तेही गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, म्हणजे खोटे म्हणायची सोय नको. 'आमच्या बायकांच्या अब्रूसाठी मारतो' हे गोऱ्या झुंडींचं तेव्हाचं ठरलेलं समर्थन. बहुसंख्य प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता, हे त्यांनी दाखवून दिलं. विरुद्ध पक्षाच्या कागदांवरून केस उभी करणं काय असतं, ते कोर्टात उभं राहणाऱ्याला विचारा.

आणि गाणं. लिंचिंगचा एक फोटो पाहून एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने लिहिलेलं 'स्ट्रेंज फ्रूट' बिली हॉलिडे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी'त गायल्या. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं. वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर उजेड. त्यांच्या नेहमीच्या रेकॉर्ड कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, एका छोट्या कंपनीने केलं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांबद्दल घरात ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ज्याच्या हाती वर्तमानपत्र पडत नाही, त्याच्यापर्यंत गाणं पोचतं.

१९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला हाल करून मारलं. त्याची आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली. लेकराचं काय केलंय ते जगाने पाहावं म्हणून! हजारो लोक रांगेत उभे राहिले, फोटो छापून आले. ज्युरीत सगळे गोरेच होते, त्यांनी तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. पुढे त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली, पण सुटल्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता. २०२२ च्या कायद्याला एमेटचं नाव आहे. मेमीताई २००३ मध्येच गेल्या, त्यांना तो बघायला मिळाला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

अलाबामातल्या माँटगोमेरीला २०१८ मध्ये या बळींचं स्मारक झालं. छताला टांगलेले पोलादी स्तंभ, आठशेहून जास्त. एकेका काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, एकेक, त्यावर तिथे मारलेल्यांची नावं. प्रत्येक स्तंभाची जोडीची प्रत बाहेर आडवी ठेवली आहे, त्या त्या काउंटीने येऊन ती न्यावी आणि आपल्या गावात उभी करावी म्हणून.